बलाढ्यांविरुद्ध, चाळीस सामने

अध्यक्षांना सोमवारी एकच आकडा हवाय.
फिर्मिनो साहेबांचा सार्डिनचा कारखाना आहे,
डबा उघडून मासे मोजावेत
तसा त्यांना माणूस मोजता येतो.
"पहिल्या पाच संघांविरुद्ध अन्सेल्मोनं काय दिवे लावले,
चार हंगामांत. एका कागदावर, देओलिंदा."

एका कागदावर, बरं.
चाळीस सामने. चार विजय. नऊ बरोबरी.
सत्तावीस वेळा बस अंधारात परतली
आणि चालकानं रेडिओ लावला नाही.

इथंच थांबले असते
तर घरी मक्याचा पाव आणि कोबीचं सूप गरम मिळालं असतं.
पण बलाढ्य म्हणजे कोण?
मी मेमधला तक्ता धरला होता, हंगाम संपल्यावरचा.
सहज म्हणून सामन्याच्या दिवशीचा धरला
तर विजय सात झाले.

तीन कुठून उगवले, शोधत बसले.
डोंगरापलीकडचा तो लाल-काळ्या पट्ट्यांचा संघ
आमच्याकडे आला तेव्हा दुसरा होता.
आम्ही तीन-एक हरवलं. मंगळवारी त्यांचा प्रशिक्षक गेला,
जानेवारीत मधल्या फळीतला हुकमी खेळाडू विकला,
मेमध्ये ते आठवे.
म्हणजे आपण ज्याला पाडलं
तो पडला म्हणून बलाढ्य राहिला नाही,
आणि पाडल्याची नोंदच यादीतून गळाली.
जे आम्हाला चेपून गेले
ते पाचात पक्के, आमच्याच गुणांवर पोसलेले.

खोटं कशाला लिहू, उलटही आहे.
चारातले दोन विजय शेवटच्या रविवारचे.
त्यांच्या गळ्यात पदकं आधीच पडली होती,
मैदानात पोरं उतरवलेली;
एकाच्या बुटाची नाडी
आमच्या धुलाईवाल्या झुल्मिरानं बांधून दिली.
तो विजय अर्धा धरावा म्हटलं,
तर रकान्यात अर्धा मावत नाही.

त्यांच्या डाव्या बचावपटूचा महिन्याचा पगार म्हणजे
आमचं वर्षाचं डिझेल, साबण, गवत,
माझा पगार, आणि वर सुट्टे.
बळी तो कान पिळी, मान्य;
पण पिळायला वेळ किती लागला, ते कुणी लिहायचं?
सत्तावीसातले एकोणीस पराभव एका गोलाचे,
त्यातले अकरा ऐंशीव्या मिनिटानंतरचे.
हे त्याच्या बाजूनं की विरुद्ध?
शेवटपर्यंत झुंजवलं, असंही वाचता येतं.
ताजे पाय उशिरा उतरवले, असंही.

सहाला तो स्वतःच आला, ओलं जॅकेट, हातात किल्ल्या.
"किती?"
"चार. किंवा सात."
हसला नाही.
"तळाच्या संघांशी घरच्या मैदानावर किती बरोबऱ्या, ते बघ.
माझी झोप त्यांनी खाल्ली. मोठ्यांनी नाही."
बघितलं. चौदा.
मी काही बोलायच्या आत म्हणाला,
"आणि सेर्झेडा आठवतं?"

सेर्झेडा. चषकाची पहिली फेरी,
खेळपट्टीच्या कडेला शेळ्या,
गोलरक्षक गावचा पोस्टमन. एक-शून्य.
"परवा तिकडून गेलो," म्हणाला,
"खानावळीच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलंय, तारखेसकट.
त्यांच्याकडेही कुणी देओलिंदा असेलच.
बलाढ्यांविरुद्ध: सामने एक, विजय एक.
बलाढ्य म्हणजे आपण, कळलं का?"

किल्ल्या वाजवत गेला, दार नेहमीसारखं अर्धवट लावून.
समुद्राचा वारा आत शिरला, कागदावर
मी कॉफीचा कप ठेवला, त्याचा गोल डाग
नेमका 'पराभव' वर.

दुसरा कागद काढला.
चार लिहिले, सात लिहिले,
दोन्हींचं कारण तळटिपेत, सात ओळींत.
मग आठवलं, फिर्मिनो साहेब तळटीप वाचत नाहीत,
वार्षिक अहवालातलीही नाही, स्वतःच्या लग्नाच्या दाखल्यावरचीही नसेल.

म्हणून ती उचलून वर नेली,
शीर्षकाच्या जागी, ठळक.
आकडे खाली.
बारीक अक्षरांत, चष्मा लागेल इतक्या.